आनंदाची वांटणी

दुःख मनुष्य पुष्कळदां एकट्यानें सोसूं शकतो. कित्येकदां तें एकट्यानेंच सोसण्यांत त्याला एक प्रकारचा मानहि वाटतो. आनंदाची गोष्ट मात्र निराळी आहे. मावळत्या सूर्याचे रंग आकाशभर पसरले कीं शेजारीं उभ्या असलेल्या अनोळखी माणसालाहि "अहो, पाहिलेंत का?" असें विचारल्याखेरीज मनाला चैन पडत नाहीं, आणि शेजारीं कोणीच नसेल तर आपलें पाहणेंच अर्धें राहिलें असें वाटत राहतें. ह्या नित्याच्या अनुभवांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आमच्यापुढें अलीकडे अगदीं क्षुल्लक अशा एका प्रसंगानें येऊन उभा राहिला.

आमचा चौदा वर्षांचा भाचा सुटींत आमच्याकडे राहावयास आला होता. एके दिवशीं सायंकाळीं आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलों असतां तो धांवत आला आणि मोबाइल आमच्यापुढें धरून म्हणाला, "मामा, हें बघ ना, वीसच सेकंद!" पडद्यावर कांहीं मोटारी एका भल्या मोठ्या चेंडूमागें धांवत होत्या. आम्हीं डोळे अर्धवट उचलले, "वा, छान!" म्हटलें, आणि पुन्हा अग्रलेखांत शिरलों. मुलगा क्षणभर तसाच उभा राहिला. "तूं पाहिलेंच नाहींस," एवढेंच तो म्हणाला आणि निघून गेला. आवाजांत राग नव्हता. राग असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. तो अग्रलेख कशावर होता हें आज आठवत नाहीं. तें वाक्य मात्र आठवतें.

रात्रीं मनांत आलें, त्या मुलानें आमच्यापाशीं मागितलें तरी काय? स्तुति मागितली म्हणावें, तर ती आम्हीं तत्काळ देऊन टाकली होती. वेळ मागितला म्हणावें, तर वीस सेकंदांचा हिशोब कोण करतो? तरीहि कांहीं तरी द्यावयाचें राहिलें होतें, आणि तें राहिलें आहे हें त्या मुलाला आमच्या आधीं कळलें होतें. आपल्याला जें आवडलें तें दुसऱ्याला दाखविणें हें दान आहे, याचना आहे, कीं निव्वळ मिरवणें आहे? आणि ज्याच्यापुढें तें धरलें जातें त्याचें कांहीं कर्तव्य आहे कीं नाहीं? आजच्या प्रत्येक घरांत दिवसांतून दहा वेळां हा व्यवहार घडतो. म्हणून त्याचा थोडा विचार करणें अनाठायीं होणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

ज्यांचा ह्या विषयाशीं फारसा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं ह्या नव्या साधनांचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. 'यूट्यूब'वर पहिली चित्रफीत इ. स. २००५ च्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेस चढविली गेली. ती अवघ्या १९ सेकंदांची आहे. संस्थापकांपैकीं एक, जावेद करीम, हा सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयांत हत्तींपुढें उभा राहून ह्यांच्या सोंडा फार लांब असतात अशा अर्थाचें कांहीं तरी बोलतो, आणि चित्रफीत संपते. तींत ज्ञान नाहीं, कला नाहीं, विनोदहि बेताचाच आहे. 'मी येथें आहें, माझ्यामागें हत्ती आहेत, तेवढे पाहा,' इतकाच तिचा आशय. परंतु पुढें जें अफाट भांडार निर्माण झालें त्याचें बीज ह्या 'तेवढें पाहा'मध्येंच आहे.

व्हिडिओ गेमच्या बाबतींत तर ह्या इच्छेसाठीं एक स्वतंत्र कळच करण्यांत आली. नोव्हेंबर २०१३ मध्यें निघालेल्या 'प्लेस्टेशन ४' ह्या यंत्राच्या हातांत धरावयाच्या नियंत्रकावर 'शेअर' असें नांव दिलेली कळ होती. तें यंत्र चाललेल्या खेळाचीं मागचीं १५ मिनिटें सतत आपल्यापाशीं धरून ठेवी; खेळणाऱ्याच्या हातून कांहीं विलक्षण घडलें आणि तें मागाहून त्याच्या ध्यानांत आलें, तरी कळ दाबतांच तो निसटलेला क्षण परत हातीं लागे. छायाचित्रकार आधीं ठरवितो आणि मग टिपतो. येथें टिपणें आधीं होतें आणि ठरविणें मागाहून. क्षण गेला म्हणून हळहळणारा मनुष्य आपण आजवर पाहिला. गेलेल्या क्षणाला मागें बोलावून त्याचा वीस सेकंदांचा तुकडा कापून घेणारा आणि निजण्यापूर्वीं तो दहा मित्रांस पाठविणारा मनुष्य हा ह्या शतकाचा आहे.

ह्या व्यवहारावर वडीलधाऱ्यांचे दोन आक्षेप असतात. पहिला असा कीं, दाखविलेली वस्तुच मुळीं क्षुल्लक आहे. पडद्यावरील खोटा चेंडू खोट्या जाळ्यांत गेला, त्याचें कौतुक काय करावयाचें? दुसरा असा कीं, हें सारें आत्मप्रदर्शन आहे; पूर्वींचीं मुलें चांगला खेळ करून घरीं येत आणि हातपाय धुऊन जेवावयास बसत. ह्यांपैकीं दुसरा आक्षेप तर स्मरणशक्तीच्या दुर्बलतेवरच आधारलेला आहे. विहिरींत उंचावरून उडी टाकण्यापूर्वीं "बघ हं, बघ हं!" असें काठावरील सोबत्यांस ओरडून सांगितलें नाहीं असा पोहणारा मुलगा आमच्या पाहण्यांत नाहीं. पहिला आक्षेप अधिक विचारार्ह आहे. त्याचें उत्तर एका प्रत्यक्ष उदाहरणानेंच देतां येईल.

इ. स. २००४ सालीं कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें 'इव्हो' ह्या नांवाची व्हिडिओ गेमांची स्पर्धा भरली होती. खेळ 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक' हा, जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९९९ सालीं काढलेला. दोन काल्पनिक मल्ल पडद्यावर समोरासमोर उभे राहतात आणि दोन खेळाडू त्यांना चालवितात. एका बाजूस जपानचा दाइगो उमेहारा, दुसऱ्या बाजूस अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोच्या मल्लाची शक्ति संपत आली होती. केवळ एक रेघ शिल्लक होती. ह्या खेळांत प्रतिस्पर्ध्याचा विशेष हल्ला नुसता अडविला तरी अडविणाऱ्याची थोडी शक्ति खर्च होते. म्हणजे दाइगोनें अडविलें असतें तरी तो हरलाच असता. वाँगनें नेमका तसाच हल्ला सोडला, एकामागून एक पंधरा प्रहारांचा. वांचण्याचा एकच मार्ग होता. मागें न सरतां, प्रत्येक प्रहार अंगावर येण्याच्या ऐन क्षणीं, सेकंदाच्या एका लहानशा अंशांत, प्रहाराच्या दिशेनेंच पुढें दाब द्यावयाचा. असें केल्यास तो प्रहार कांहीं हानि न करतां वायां जातो. एक अशा रीतीनें चुकविणें हेंहि कौशल्याचें काम. दाइगोनें पंधराच्या पंधरा चुकविले, आणि लगेच उलट हल्ला करून डाव जिंकला.

त्या प्रसंगाची चित्रफीत गेलीं वीसांहून अधिक वर्षें हातोहात फिरत आहे. ज्यांना तो खेळ मुळींच येत नाहीं असे लोकहि ती पाहतात आणि एकमेकांस दाखवितात. असें कां व्हावें? ती चित्रफीत लक्षपूर्वक पाहणाऱ्यास ह्याचें उत्तर डोळ्यांपेक्षां कानांनीं अधिक मिळतें. पहिले कांहीं प्रहार वायां जातांच सभागृहांत एक गलका सुरू होतो. प्रत्येक प्रहाराबरोबर तो वाढत जातो. आणि शेवटीं त्याची एकच गर्जना होते. आपण जें पाहतों तो केवळ एका माणसाच्या बोटांचा चमत्कार नसतो. शेंकडों माणसांना एकाच क्षणीं एकच गोष्ट कळली, तो क्षण आपण पाहत असतों. खेळ कशाचा होता हें मग गौण ठरतें. चेंडू खोटा असेल. परंतु धैर्य, अवधान, सराव आणि शेवटच्या रेघेवर उभें राहूनहि मागें न सरणें, ह्या गोष्टी खऱ्या आहेत.

आमच्याकडील साहित्यशास्त्रकारांस हा अनुभव अपरिचित नव्हता. रंगभूमीवरील शोक हा नटाचा नव्हे आणि प्रेक्षकाचा स्वतःचाहि नव्हे, तर तो कोणा एकाचा न राहतां सर्वांचा होतो, ह्या व्यापाराला भट्टनायकानें 'साधारणीकरण' असें नांव दिलें; आणि अभिनवगुप्तानें तो विचार पुढें नेऊन रसास्वादाचा अधिकारी 'सहृदय' कोण हें सांगितलें. आपल्याकडे न. चिं. केळकरांनीं १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक आपण स्वतः न सुटतां दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, आणि ह्या दुहेरी अवस्थेंतच वाङ्मयाचा आनंद आहे, असें त्यांचें म्हणणें. व्हिडिओ गेम खेळणाऱ्याची अवस्था ह्याहून निराळी काय असते? तो खुर्चीवर बसलेला असतो आणि त्याच वेळीं पडद्यावरील मोटारींतहि असतो. पश्चिमेकडे कान्टनें आपल्या १७९० सालच्या सौंदर्यविषयक ग्रंथांत असा भेद केला कीं, 'हें मला रुचतें' असें म्हणणारा दुसऱ्याच्या संमतीची वाट पाहत नाहीं, परंतु 'हें सुंदर आहे' असें म्हणणारा ती संमति गृहीत धरतो, किंबहुना मागतोच. निर्जन बेटावर एकटा पडलेला मनुष्य स्वतःपुरती आपली झोपडी सजविणार नाहीं, असेंहि त्यानें म्हटलें आहे.

ह्या विचारांच्या प्रकाशांत पाहतां आमच्या भाच्यानें स्तुति मागितलीच नव्हती. 'हें सुंदर आहे' असा निवाडा त्यानें एकट्यानें दिला होता, आणि तो निवाडा खरा आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्याला दुसरा साक्षीदार हवा होता. आम्हीं न पाहतांच सही केली. न्यायालयांत ज्याला खोटी साक्ष म्हणतात तीच ही.

येथवर आम्हीं दाखविणाऱ्याची बाजू घेतली. परंतु 'वांटल्यानें आनंद वाढतो' हें वचन सरसकट खरें मानून चालणार नाहीं. आनंद वांटण्याच्या ह्या उद्योगांत आनंदच नासतो अशीं स्थळें आहेत, आणि तीं पुष्कळ आहेत.

पहिलें स्थळ खेळणाऱ्याच्या स्वतःच्या मनांत आहे. डच इतिहासकार हुइझिंगा ह्यानें १९३८ सालीं खेळावर लिहिलेल्या ग्रंथांत खेळाला स्वतःचें असें कुंपण असतें, स्वतःची जागा आणि स्वतःचा काळ असतो, असें प्रतिपादिलें आहे. बाहेरचे लाभहानीचे हिशोब त्या कुंपणाच्या आंत येत नाहींत, म्हणूनच खेळ हा खेळ राहतो. आतां खेळतांनाच 'हा तुकडा कसा दिसेल?' असा विचार मनांत येऊं लागला कीं तें कुंपण मोडलें. मग मुलगा आपल्या गड्याला चेंडू देईनासा होतो, कारण चेंडू देणाऱ्याचा तुकडा कोणी पाहत नाहीं. सरळ सोपा डाव टाकून तो अवघड आणि दिखाऊ डाव धरतो. कीर्तनाला बसलेला श्रोता शेजारच्यास दाखविण्यासाठीं मान डोलवूं लागला कीं कीर्तन त्याच्यापुरतें संपतें. तसेंच हें आहे.

दुसरें स्थळ सत्याचें आहे. तुकडा म्हटला कीं कापणें आलें, आणि कापणें म्हणजे कांहीं तरी टाकणें. दाइगोच्या त्या पंधरा प्रहारांची चित्रफीत पाहिलेल्या किती लोकांना ठाऊक असेल कीं त्या स्पर्धेचा अंतिम सामना तो हरला, आणि विजेता केंजी ओबाता हा ठरला? गर्जना फिरत राहिली. निकाल मागें पडला. मे २००५ मध्यें 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळांतील एक चित्रफीत अशीच जगभर गाजली. सोबती मोठ्या गंभीरपणें चढाईची योजना आंखीत आहेत, आणि लीरॉय जेंकिन्स नांवाचा गडी स्वतःच्याच नांवाची आरोळी ठोकून शत्रूंत घुसतो व सर्वांचा नाश ओढवून घेतो. पाहणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तें सहज घडलेलें मानलें. पुढें तो ठरवून केलेला विनोद होता हें उघड झालें, आणि २०१७ सालीं त्याची आधींची रंगीत तालीमहि प्रसिद्ध झाली. विनोद म्हणून त्यांत वावगें कांहीं नाहीं. नाटक हें नाटक म्हणून सुंदरच असतें. परंतु 'हें घडलें' आणि 'हें घडविलें' ह्यांतील भेद पाहणाऱ्याच्या मनांतून पुसून जाण्याची संवय लागणें ही लहान गोष्ट नव्हे.

ती संवय कोठवर नेते हें आपण महाराष्ट्रांतच पाहिलें आहे. २०१८ सालीं मुलें पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवा मोबाइलवरून देशभर पसरल्या. त्या काळीं फिरलेल्या चित्रफितींत एक कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं पालकांस जागें करण्यासाठीं मुद्दाम तयार केलेली. तींत मोटारसायकलवरचे लोक मूल उचलतात, आणि शेवटीं तें परत आणून सोडतात व सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणीं तरी तो शेवट कापला आणि उरलेला तुकडा खरा म्हणून पुढें गेला. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, अशाच अफवेच्या भरांत, भिक्षेसाठीं फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच निरपराध माणसांस जमावानें ठार मारलें. त्यानंतर त्याच महिन्यांत 'व्हॉट्सॲप'नें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांपेक्षां अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास मज्जाव केला. नियम चांगला होता. पण ज्या कामाला मनुष्याची विवेकबुद्धि पुरावी त्याला यंत्राचा आंकडा लागावा, ह्यांत आपल्या सर्वांनाच मान खालीं घालावयास लावणारें कांहीं आहे. खेळाचा तुकडा आणि अफवेचा तुकडा ह्यांत फार अंतर आहे, हें आम्ही जाणतों. परंतु पाठविणाऱ्या आंगठ्याची हालचाल दोन्हींत एकच असते, आणि आंगठ्याला लागलेली संवय विषय पाहून बदलत नाहीं.

तिसरें स्थळ दुसऱ्याच्या अब्रूचें आहे. २००२ सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत एका शाळकरी मुलानें, हातांत एक दांडी तलवारीसारखी फिरवीत, 'स्टार वॉर्स' चित्रपटांतील वीराची नक्कल करतांना स्वतःचें चित्रण केलें. तो त्याचा एकट्याचा खेळ होता. दुसऱ्या वर्षीं तें चित्रण इतर मुलांच्या हातीं लागलें, त्यांनीं तें इंटरनेटवर टाकलें, आणि सारें जग त्या मुलाला हंसलें. त्याचा इतका छळ झाला कीं प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें आणि २००६ सालीं आपसांत मिटलें. दहा वर्षांनीं, २०१३ सालीं, तो स्वतः पुढें येऊन त्याविषयीं बोलला. हंसणाऱ्यांपैकीं एकेकाला वेगळें काढून विचारलें असतें तर तो म्हणाला असता, "मीं काय केलें? मी तर फक्त एका मित्राला दाखविलें." हें उत्तर खरेंहि आहे, आणि त्या मुलाचें दुःख अशा खऱ्या उत्तरांचीच बेरीज होती. विजयाच्या तुकड्यांतहि कोणी तरी हरलेला असतोच हें येथें स्मरावें. दाइगोची ती चित्रफीत जितक्या वेळां पाहिली गेली तितक्या वेळां वाँगहि हरला आहे. तो स्वतः पुढें अनेक विजेतेपदें मिळविणारा थोर खेळाडू ठरला, म्हणून तें ओझें त्यानें सहज पेललें. प्रत्येकाला तें पेलतेंच असें नाहीं.

आणि सर्वांत नित्याचें, म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित, असें चौथें स्थळ न चाखतां पुढें ढकलण्याचें आहे. दिवाळींत फराळाचीं ताटें घरोघर फिरतात. ज्या घरीं चार ठिकाणच्या करंज्या येऊन पडतात त्या घरची चतुर गृहिणी कधीं कधीं एका घरची करंजी दुसऱ्या घरच्या ताटांत घालून मोकळी होते. ताट भरतें, रीत पाळली जाते, कोणाचें नुकसानहि होत नाहीं. पण त्या ताटांत पाठविणारीचा हात नसतो. आणि ज्या घरीं तें जातें तेथील जाणत्या बाईला पहिल्या घांसालाच कळतें कीं ही चव ह्या घरची नव्हे. सकाळीं उठल्याबरोबर आमच्या मोबाइलवर येऊन पडलेल्या चित्रफितींपैकीं बहुतेक ह्या जातीच्या असतात. पाठविणाऱ्यानें त्या पुरत्या पाहिलेल्या नसतात. आम्हांलाच कां पाठविल्या हें त्याला विचारलें तर सांगतां येणार नाहीं. त्या एका समूहास पाठविल्या जातात, आणि समूहास पाठविलेली वस्तु कोणालाच पाठविलेली नसते.

ह्याच्या उलट भोंडल्याची खिरापत पाहा. ती झांकून आणलेली असते. मुली ओळखण्याची खटपट करतात, चुकतात, हंसतात, आणि शेवटीं झांकण निघतें. खिरापत चिमूटभरच असते. परंतु आणणारीनें ती करतांना ह्याच मुलींचीं तोंडें डोळ्यांपुढें आणलेलीं असतात. ह्यांना ओळखतां येणार नाहीं असें काय करावें, ह्याचा तिनें दोन दिवस विचार केलेला असतो. चांगल्या दाखविण्याचें सारें मर्म आम्हांस येथें दिसतें. ज्यानें पाठविलें त्यानें आधीं स्वतः चाखलें पाहिजे. कोणासाठीं हें त्याच्या मनांत असलें पाहिजे. आणि तें कोणाच्या तोंडचा घांस काढून आणलेलें नसावें. मित्राला एक चित्रफीत पाठवून "शेवटच्या पांच सेकंदांतील म्हाताऱ्याचा चेहरा पाहा, तुझ्या आजोबांची आठवण झाली," एवढें जो लिहितो, त्यानें मित्राला नुसती चित्रफीत पाठविली नाहीं, त्या चित्रफितींत मित्राला कोठें उभें करावयाचें तेंहि पाठविलें. असे दोन तुकडे वर्षांतून आले तरी पुष्कळ झाले.

आतां राहिला घेणाऱ्याचा धर्म. ह्याविषयीं आम्ही सुशिक्षित मंडळी फारसें बोलत नाहीं, कारण येथें आमचीच बाजू लंगडी आहे. मुलें अभिरुचीनें हीन झालीं अशी तक्रार आपण करतों. परंतु अभिरुचि एकट्यानें सुधारत नाहीं, ती कोणाच्या तरी सोबतीनें पाहत पाहत सुधारते. गाण्याच्या बैठकींत बापाशेजारीं बसलेल्या मुलाला कोणत्या जागेला दाद द्यावी हें बाप शिकवीत नाहीं. बापाची मान कोठें हलली हें पाहून तें मूल शिकतें. आज मुलें पडद्यावर जें पाहतात तेथें त्यांच्या शेजारीं कोणी बसत नाहीं, आणि तीं बोलावतात तेव्हांहि आपण "वा, छान!" म्हणून सुटका करून घेतों. मग पसंतीचा आंकडा मोजणाऱ्या अनोळखी जगाकडे तीं वळलीं तर दोष कोणाचा? जो साक्षीदार घरीं मिळाला नाहीं तो मुलगा बाहेर शोधतो; बाहेर साक्षीदार लाखांनीं मिळतात, मात्र त्यांतला एकहि त्याला ओळखत नाहीं. सर्वच पाहावें असें आमचें म्हणणें नाहीं. मनुष्याला दिवसाचे तास मोजकेच आहेत. "आतां नको, जेवणानंतर नीट पाहूं," असें म्हणून खरोखरच जेवणानंतर पाहणें ह्यांत कांहींच उणें नाहीं. पाहून "मला हें आवडलें नाहीं," असें म्हणणें ह्यांतहि नाहीं. न पाहतां आवडलें म्हणणें एवढेंच वाईट.

पुढच्या रविवारीं आम्हीं भाच्याला बोलावलें आणि म्हटलें, "तें परवांचें दाखव बरें. आणि ह्यांत तूं कोणता, हेंहि सांग." त्यानें आधीं संशयानें आमच्याकडे पाहिलें, मग शेजारीं येऊन बसला. खेळाचें नांव 'रॉकेट लीग'. मोटारींनीं खेळावयाचा फुटबॉल. निळी मोटार त्याची. ती धांवत येऊन जमीन सोडते, हवेंत तिरपी होते, आणि उंच आलेल्या चेंडूला नाकानें हलकेंच ढकलते, चेंडू जाळ्यांत. हें जमण्यासाठीं तो तीन आठवडे रोज प्रयत्न करीत होता. वीस सेकंदांचा तो तुकडा समजून घ्यावयास आम्हांस पाऊण तास लागला, आणि चौथ्यांदा पाहतांना कोठें आमच्या ध्यानांत आलें कीं चेंडू त्या जागीं आपोआप आलेला नव्हता. दुसऱ्या एका मोटारीनें तो भिंतीवरून नेमका तेथें आणून सोडला होता.

"ही कोणाची?" आम्हीं विचारलें.

"ठाऊक नाहीं. दुसऱ्या कुठल्या तरी शहरांतला आहे. टोपणनांव तेवढें माहीत. पहिल्यांदा त्यालाच पाठविला मीं हा तुकडा. त्यानें पास दिला नसता तर गोल झालाच नसता."

"मग काय म्हणाला तो?"

"म्हणाला कांहीं नाहीं. त्यानें त्याचा तुकडा मला पाठविला." असें म्हणून त्यानें दुसरी चित्रफीत उघडली. तोच गोल होता, त्या अनोळखी मुलाच्या जागेवरून दिसलेला. चेंडू भिंतीवरून सुटून दूर जातो, आणि पलीकडे एक लहानशी निळी मोटार जमीन सोडून वर येतांना दिसते.

आम्हीं तो तुकडा नीट पाहिला, आणि पुन्हा एकदां लावावयास सांगितला.